सक्तीच्या आधीचे देणे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाची सूचना माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात एक सरळ प्रश्न होता. पुन्हा एखादी साथ आली आणि आघाडीवर काम करणाऱ्या कामगारांवर, म्हणजे परिचारिका, सफाई कामगार, आशा, पोलीस, बसवाहक यांच्यावर, लसीची सक्ती झाली, तर आपल्या कामगार संघटनांनी कोणती भूमिका घ्यावी? प्रश्न सरळ असला तरी त्याची जी दोन उत्तरे चळवळीत ऐकू येतात त्यांपैकी एकानेही माझे समाधान होत नाही. काही साथी म्हणतात की शरीर ज्याचे त्याचे आहे, तेव्हा सक्तीचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरे म्हणतात, आपण विज्ञाननिष्ठ आहोत, लसीने जीव वाचतात, मग सक्तीला विरोध करणे म्हणजे अंधश्रद्धेची पाठराखण होय. दोन्ही बाजू व्यक्तीबद्दल बोलतात. सक्ती करणाऱ्या शासनाने त्या व्यक्तीचे काय देणे लागते आणि ते त्याने चुकते केले आहे काय, हा प्रश्न दोन्हीकडे गैरहजर असतो. मला आज त्याच प्रश्नावर बोलावयाचे आहे, आणि ते २०२१ सालच्या अनुभवाच्या आधारे.

देशातील कोविड लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि २ फेब्रुवारीपासून पोलीस, सफाई, महसूल आदी आघाडीवरील कर्मचाऱ्यांना देण्यात आला. दोन्ही मिळून सुमारे तीन कोटी माणसे. हा क्रम योग्यच होता. त्याचे श्रेय शासनाला दिले पाहिजे. लस घेणे ऐच्छिक आहे असेही केंद्राने स्पष्ट केले होते. पण त्याच पहिल्या दिवशी दिल्लीतील एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या निवासी डॉक्टरांनी पत्र लिहून कळविले की आम्हांला कोव्हॅक्सिनऐवजी कोव्हिशील्ड द्यावी. त्यांचे म्हणणे काय होते? कोव्हॅक्सिनला ३ जानेवारीला परवानगी मिळाली तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे परिणाम हाती आलेले नव्हते. ‘क्लिनिकल ट्रायल मोड’ अशी अट घालून ती परवानगी दिलेली होती, आणि ती घेणाऱ्यांकडून संमतिपत्रावर सही घेतली जात होती. कोणती लस घ्यावयाची ते निवडण्याची मुभा मात्र कोणालाही नव्हती.

त्या डॉक्टरांना कोणी अडाणी म्हणेल काय? त्यांनी विचारलेला प्रश्न शास्त्राच्या शिस्तीतला होता. ३ मार्चला चाचणीचे अंतरिम निष्कर्ष जाहीर झाले, ८१ टक्के परिणामकारकता सांगण्यात आली. हे दोन महिने आधी शक्य नव्हते हे मान्य करू. पण ज्यांना रुग्णाच्या उशाशी उभे राहावयाचे आहे त्यांना तोवर ‘काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही’ हे उघडपणे सांगणे तर शक्य होते! लसीबद्दल शंका विचारणाऱ्याला देशाच्या शास्त्रज्ञांचा अवमान करणारा ठरविण्याची जी हवा त्या महिन्यात निर्माण झाली, तिने त्या लसीचे हित झाले असे मला वाटत नाही.

आता मे महिन्याकडे येऊ, कारण खरी परीक्षा तिथे झाली. आपल्या देशात बालकांच्या सार्वत्रिक लसीकरणाची रीत अशी की केंद्राने लस खरेदी करावयाची, राज्यांनी ती टोचावयाची आणि आईबापांनी दमडी द्यावयाची नाही. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी ही रीत मोडण्यात आली. उत्पादनाचा निम्मा भाग केंद्राचा. उरलेला निम्मा राज्यांनी आणि खासगी रुग्णालयांनी उत्पादकांकडून विकत घ्यावयाचा. एकाच कारखान्यातून निघणाऱ्या एकाच कुपीचे तीन भाव झाले. कोव्हिशील्डची मात्रा केंद्राला दीडशे रुपयांना, राज्यांना आधी चारशे व मग तीनशेला, खासगी रुग्णालयांना सहाशेला. कोव्हॅक्सिन राज्यांना आधी सहाशे आणि मग चारशेला, खासगी रुग्णालयांना बाराशेला. या दुसऱ्या लसीचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला होता, आणि तिच्या विकासात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद भागीदार होती. म्हणजे जनतेच्या पैशाने चालणाऱ्या प्रयोगशाळेतून निघालेली वस्तू जनतेनेच चढ्या भावाने विकत घ्यावी, असा हा व्यवहार होता. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात लसीसाठी पस्तीस हजार कोटी रुपयांची तरतूद होती, हेही विसरू नये.

पुढे काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले. राज्ये एकमेकांशी बोलीत उतरली. मुंबई महापालिकेने एक कोटी मात्रांसाठी जागतिक निविदा काढली. तिच्यातून एकही मात्रा आली नाही. महाराष्ट्राने मेच्या दुसऱ्या आठवड्यात तरुणांचे लसीकरण थांबविले, कारण पंचेचाळीस वर्षांवरील लोकांच्या दुसऱ्या मात्रेलाच साठा पुरत नव्हता. ज्यांच्याजवळ स्मार्टफोन आणि वेगवान इंटरनेट होते ते को-विनवर वेळ मिळवून शहरातून मोटारीने खेड्यातल्या केंद्रावर जात आणि लस टोचून परत येत. त्या खेड्यातला शेतमजूर दाराशी उभा राहून ते पाहत असे. अखेर सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे रोजीच्या आदेशात हे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि तर्कविसंगत असल्याचे म्हटले, आणि ७ जूनला पंतप्रधानांनी ते फिरविल्याची घोषणा केली. २१ जूनपासून केंद्राची खरेदी पंचाहत्तर टक्के झाली. खासगी रुग्णालयांचा पंचवीस टक्के वाटा तसाच राहिला, पण त्यांच्या हातून झालेले लसीकरण दहा टक्क्यांपर्यंतही पोचले नाही. जून महिन्यात ठरलेल्या कमाल दराने कोव्हॅक्सिनची एक मात्रा खासगी रुग्णालयात १,४१० रुपयांना पडत होती. कोणता मजूर ती घेणार होता?

या टंचाईचे एक मूळ आणखी मागे आहे. २००८ सालच्या जानेवारीत कसौली, कुन्नूर आणि गिंडी येथील तीन सरकारी लस उत्पादन संस्थांचे परवाने उत्पादनाचे निकष पाळले जात नाहीत म्हणून निलंबित झाले. निकष पाळले जावेत याबद्दल वाद नाही. पण संस्था सुधारावी की बंद पाडावी, हा निर्णय राजकीय असतो. आरोग्य चळवळीतल्या लोकांनी न्यायालयात आणि संसदेपुढे हा प्रश्न नेल्यावर २०१० मध्ये परवाने परत मिळाले, पण मोडलेली घडी पूर्ववत बसली नाही. चेंगलपट्टूला उभारलेले केंद्र सरकारचे भव्य लस संकुल २०२१ सालच्या त्या कठीण उन्हाळ्यातही निष्क्रिय पडून होते. आपल्या परळच्या हाफकिनकडे कोव्हॅक्सिनचे काम सोपविण्याची घोषणा झाली, केंद्राने आणि राज्याने पैसेही मंजूर केले. परंतु लोक तडफडत होते तेव्हा परळहून एक कुपीही बाहेर पडू शकली नाही. जे यंत्र वीस वर्षे तेलपाण्यावाचून ठेवले ते आठ-दहा महिन्यांत धावावे, ही अपेक्षा करणाऱ्यांना कारखान्याची माहिती नसावी.

आता कामगाराकडे वळतो. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मी एका महापालिकेच्या (नाव सांगत नाही, कारण कोणत्याही पालिकेत हेच घडले असते) कचरा वाहतुकीच्या ठिकाणी काही दिवस जात असे. कायम कामगारांची नावे विभागाने कळविलेली होती. कंत्राटी कामगारांची यादी कंत्राटदाराने द्यावयाची होती. ज्यांची नावे भविष्य निर्वाह निधीच्या कागदावर चढवावी लागू नयेत म्हणून कंत्राटदार वर्षानुवर्षे खटपट करतो, त्यांची नावे तो केंद्र सरकारच्या संगणकात आपण होऊन कशाला भरील? सोळा जणांच्या टोळीतल्या सात जणांची नावे यादीत होती. बाकीचे नऊ जण त्याच गाडीवर, त्याच रुग्णालयाचा कचरा उचलीत होते.

तिथल्या एका बाईंना मी विचारले, "मावशी, नाव लागलंय तर लस का घेतली नाही? भीती वाटते का?" त्या म्हणाल्या, "सुईची कसली भीती, भाऊ? दुसऱ्या दिवशी ताप येतो म्हणतात. आला तर दोन खाडे. ते कोण भरून देणार?"

लसीबद्दलच्या अनास्थेवर त्या काळात मी पुष्कळ वाचले, लोकशिक्षणाच्या मोहिमांबद्दल ऐकले. दोन दिवसांची भरपगारी रजा हा साधा उपाय मात्र क्वचितच कोणी बोलून दाखविला. त्या मावशींना लोकशिक्षणाची गरज नव्हती.

आशा भगिनींची कथा तुम्हांला ठाऊक आहे. घरोघर जाऊन नोंदणी त्यांनी केली, समजूत त्यांनी घातली, शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. शासनाच्या दप्तरी त्या कामगार नाहीत, स्वयंसेविका आहेत. जून २०२१ मध्ये, साथ ऐन भरात असताना, महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशांना मानधनवाढीसाठी संपावर जावे लागले, तेव्हा कुठे हजार रुपये मानधनवाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता पदरात पडला. पुढल्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला आणि सर्व मंत्र्यांनी अभिनंदन केले. दर्जा मात्र स्वयंसेविकेचाच राहिला.

हे सर्व घडून गेल्यावर, त्याच वर्षी, सक्तीचे पर्व आले. १५ ऑगस्टपासून मुंबईची लोकल सर्वसामान्य प्रवाशांना खुली झाली; अट अशी की दोन मात्रा झालेल्या असाव्यात आणि दुसरीला चौदा दिवस उलटलेले असावेत. कागदावर ही अट सर्वांना सारखी दिसते. जरा हिशेब करून पाहू. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांतले अंतर तेव्हा किमान चौऱ्याऐंशी दिवसांचे होते. एखाद्या तरुण हमालाने किंवा घरकाम करणाऱ्या मुलीने मोफत लस खुली झाली त्या पहिल्याच दिवशी, २१ जूनला, रांगेत उभे राहून पहिली मात्रा घेतली असे धरा. तिची दुसरी मात्रा १३ सप्टेंबरला येते आणि लोकलचे दार २७ सप्टेंबरला उघडते. ज्याने मेच्या पहिल्या आठवड्यात संगणकावर बसून खासगी रुग्णालयात पैसे भरून मात्रा घेतली, तो १५ ऑगस्टलाच गाडीत चढू शकत होता. पहिल्या मुलीने कोणताही नियम मोडलेला नव्हता, लस नाकारलेली नव्हती. तिने बसने आणि रिक्षाने दुप्पट-तिप्पट खर्च करून कामावर जावे, एवढी शिक्षा तिला झाली.

नोव्हेंबरमध्ये ठाणे महापालिकेने जाहीर केले की पहिलीही मात्रा न घेतलेल्या कर्मचाऱ्यांना पगार मिळणार नाही. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, लसीकरण राज्याच्या सरासरीच्या मागे पडले म्हणून, एक तरी मात्रा घेतल्याचा दाखला असल्याशिवाय रेशन आणि पेट्रोल देऊ नये असा प्रशासनाचा आदेश निघाला. अधिकाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. आकडा वाढलाही असेल. पण रेशनचे धान्य ही शासनाची मेहेरबानी नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि पगार हे केलेल्या कामाचे मोल आहे. लस घेतली नाही म्हणून या दोन गोष्टी अडवून धरणे कोणत्या कायद्यात बसते?

आपल्यापैकी ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना हे ऐकून १९७६ साल आठवले असेल. आणीबाणीत नसबंदीचे उद्दिष्ट पुरे केले नाही म्हणून शिक्षकांचे पगार अडविले जात होते. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करणारे विधिमंडळ आपल्याच महाराष्ट्राचे होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा होऊ शकले नाही, एवढेच. कुटुंबनियोजनासारख्या चांगल्या कार्यक्रमाचे नाव त्या एका वर्षाने किती वर्षे खराब केले, हे खेड्यांत काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. लस आणि नसबंदी यांत फरक आहे, तो मी पुसत नाही. अधिकाऱ्याच्या हातातले हत्यार मात्र तेच होते.

त्याहून मागचा दाखला आपल्या भूमीतलाच आहे आणि तो अधिक बोधप्रद आहे. १८९७ साली मुंबईत आणि पुण्यात प्लेग होता. मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारीला प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. लोकांची भीती मोठी होती. तिसऱ्या आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले आणि हजारो खोजा मंडळी पुढे आली. त्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबांचे सोल्जर घरांत शिरून झडती घेत होते, सामान बाहेर फेकीत होते, माणसे उचलून नेत होते. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. आणि याच पुण्यात, त्याआधी तीन महिने, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला वारल्या होत्या. एकाच वर्षी, एकाच साथीत, शास्त्रज्ञ, सैनिक आणि सेविका असे तिघे लोकांच्या दाराशी गेले. २०२० मध्ये शासनाने साथीसाठी जो कायदा बाहेर काढला तो १८९७ सालचाच होता. त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध शिक्षेची भर घातली, ती आवश्यकच होती. कर्मचाऱ्यांच्या हक्कांचे कलम मात्र त्यात आले नाही.

न्यायालयांनी काय म्हटले तेही सांगतो, कारण पुढच्या वेळी आपल्याला त्याचा आधार घ्यावा लागेल. मेघालयात दुकानदार, टॅक्सीचालक यांनी लस घेतल्याखेरीज धंदा करू नये असे आदेश निघाले होते. उच्च न्यायालयाने २३ जून २०२१ रोजी ते रद्दबातल ठरविले. लस ही काळाची निकड आहे, परंतु उपजीविका हिरावून ती लादता येणार नाही, असा त्याचा आशय होता. गिऱ्हाइकाला निवड करता यावी म्हणून दुकानावर लसीकरण झाले आहे की नाही याची पाटी लावावी, हा मधला मार्गही त्याने सुचविला. २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शरीराची अखंडता घटनेच्या एकविसाव्या कलमाने संरक्षित आहे, कोणालाही जबरीने लस टोचता येणार नाही. त्याच निकालात हेही आहे की सार्वजनिक आरोग्यासाठी शासन व्यक्तीच्या हक्कांवर प्रमाणशीर बंधने घालू शकते. त्या वेळची बंधने टिकली नाहीत, कारण लस न घेतलेल्या माणसापासून संसर्गाचा धोका घेतलेल्यापेक्षा अधिक आहे हे दाखविणारी माहिती शासनाने न्यायालयापुढे ठेवली नव्हती.

हा मुद्दा शास्त्राच्या दृष्टीनेही कळीचा आहे. कोविडच्या लसींनी गंभीर आजार आणि मृत्यू फार मोठ्या प्रमाणावर टाळले. याबद्दल मनात किंतु ठेवू नका आणि सभेत कोणी ठेवला तर तो तिथेच खोडून काढा. पण ओमिक्रॉन आल्यावर संसर्ग रोखण्याची त्यांची शक्ती बरीच कमी आणि अल्पकाळाची ठरली. मग ‘परिचारिकेने लस घेतली नाही तर रुग्ण मरेल’ हा युक्तिवाद डिसेंबर २०२१ नंतर पूर्वीइतका बळकट राहिला नाही. गोवरासारख्या रोगात तो फार बळकट असतो. तेव्हा कोणती लस, कोणता रोग आणि कोणते काम, हे विचारल्यावाचून सक्तीला सरसकट हो किंवा नाही म्हणणे चुकीचे आहे.

इंग्लंडचा अनुभव पाहा. तिथे ११ नोव्हेंबर २०२१ पासून वृद्धनिवासांतील कामगारांवर सक्ती झाली. आधीच अपुऱ्या पगारावर चालणाऱ्या त्या निवासांतून हजारो कामगार बाहेर पडले. रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांवर १ एप्रिल २०२२ पासून तीच सक्ती यावयाची होती. मनुष्यबळ गमावण्याच्या भीतीने सरकारने जानेवारीअखेर माघारीची घोषणा केली आणि १५ मार्चला वृद्धनिवासांचा नियमही रद्द झाला. ज्यांनी नोकरी गमावली त्या बायकांना ती परत कोणी आणून दिली नाही. त्याच देशात मात्र १९७९ पासून एक कायदा आहे. लसीमुळे कोणाला गंभीर अपंगत्व आले तर कोणाचा दोष होता हे सिद्ध न करता सरकारकडून ठरावीक रक्कम मिळते. आपल्याकडे? नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले की लस घेणे ऐच्छिक होते, म्हणून दुष्परिणामाने झालेल्या मृत्यूची भरपाई शासनावर बंधनकारक नाही. नातेवाइकांनी दिवाणी दावा लावावा. असे दुष्परिणाम फार विरळ असतात, हे खरे आहे. विरळ असतात म्हणूनच भरपाई परवडणारी आहे. लोकलच्या फाटकावर लस अनिवार्य आणि भरपाईच्या खिडकीवर ती ऐच्छिक, या दोन गोष्टी एकाच तोंडाने कशा बोलता येतात?

तेव्हा माझे मत असे. अतिदक्षता विभाग, नवजात बालकांचा कक्ष, वृद्धनिवास अशा ठिकाणी, जिथे दुसऱ्याचा दुबळा जीव कामगाराच्या हातात असतो आणि लसीने संसर्ग खरोखर थांबतो असे सिद्ध झालेले आहे, तिथे लस ही कामाची अट असू शकते. रुग्णालाही हक्क आहेत आणि तो रुग्ण बहुधा आपल्याच वर्गातला असतो. स्वातंत्र्याच्या नावाने त्याला विसरणारी संघटना मला मान्य नाही. पण ही अट संघटनेशी वाटाघाट करून ठरली पाहिजे. तिच्यापूर्वी लस मोफत आणि कामाच्या जागी मिळाली पाहिजे, कंत्राटी कामगाराचे नाव कायम कामगाराबरोबर यादीत आले पाहिजे, टोचल्यानंतरचे दोन दिवस भरपगारी असले पाहिजेत, दुष्परिणामाची भरपाई कायद्याने बांधलेली असली पाहिजे, आणि जो नकार देईल त्याला पगार न कापता दुसरे काम मिळाले पाहिजे. यांतले काहीही न करता जो आदेश निघेल त्याला विरोध करावा, आणि तो करीत असतानाच आपल्या प्रत्येक सभासदाला लस घेण्यास स्वतः घेऊन जावे. या दोन गोष्टी एकत्र करणे अवघड आहे, पत्रकारांना समजावून सांगणे त्याहून अवघड आहे. पण मला दुसरा मार्ग दिसत नाही.

साथ आल्यावर या मागण्या कोणी ऐकणार नाही. तेव्हा घाई असते आणि घाईत नेहमी दुबळ्याचा बळी जातो. महापालिकांतल्या आणि जिल्हा परिषदांतल्या आपल्या संघटनांची मागणीपत्रे पुन्हा लिहिली जातील तेव्हा त्यांत कंत्राटी कामगारांची यादी आणि भरपगारी रजा ही दोन कलमे घालता येतील काय, याचा विचार करावा. इथे सफाई विभागातले आणि आशा संघटनेतले जे साथी बसले आहेत त्यांचा अनुभव माझ्याहून अधिक आहे. पहिला अर्धा तास त्यांना द्यावा, अशी अध्यक्षांना विनंती करतो.